नाकारता येत नाही

ज्या वाक्याने त्यांच्या घराचे दार बंद झाले ते वाक्य कृष्णकांत यांनी स्वतः लिहिले होते, आणि तर्काच्या दृष्टीने त्यात एकही चूक नव्हती.

‘उपलब्ध माहिती पाहता ही शक्यता नगण्य आहे. ती तत्त्वतः पूर्णपणे नाकारता येत नाही, परंतु तशी तर कोणतीच शक्यता नाकारता येत नसते.’ फेसबुकवरच्या ‘शोध नागपूर’ या गटात, आपल्या घरावरच्या आरोपाला उत्तर म्हणून, त्यांनी हे टाकले. तासाभरात त्यातला मधला तुकडा लाल चौकटीत फिरू लागला: ‘पूर्णपणे नाकारता येत नाही.’ खाली कोणीतरी जोडले होते: ‘आजोबांनीच कबूल केले.’

एप्रिलमध्ये रामदासपेठेतल्या एका खाजगी रुग्णालयातून एका दिवसाची मुलगी नाहीशी झाली होती. तिची आई शामला, कामठीची. नवरा पॉवरलूमवर कामाला. कॅमेऱ्यात दिसली ती फक्त ओढणीने तोंड बांधलेली एक बाई. उन्हाळ्यात नागपुरात तोंड न बांधलेली बाई दिसली असती तर ती खरी नोंद घेण्याजोगी गोष्ट ठरली असती. पोलिसांचा तपास थंडावला तसा गटाचा तपास तापला. नकाशे आले, बाणांच्या खुणा आल्या, चालण्याच्या लकबीची तुलना आली. जूनअखेर गटातल्या कोणीतरी लिहिले की प्रताप नगरात एका घरी तीन महिन्यांची मुलगी अचानक आली आहे आणि त्या घरच्या सुनेला दिवस गेलेले कॉलनीत कोणीही पाहिलेले नाही.

हे खरे होते. कृष्णकांत यांच्या सुनेची, गार्गीची, दोन गर्भारपणे अर्ध्यावर संपली होती. तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नीने, यमुताईंनी, ठरवून टाकले: कोणाला सांगायचे नाही, डोहाळजेवण नाही, फोटो नाही. पोट दिसू लागण्याआधीच गार्गीला यवतमाळला माहेरी पाठवले. बारसेही तिकडेच, घरातल्या घरात झाले. मुलीचे नाव भैरवी. कृष्णकांत यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले होते. भानामतीचे प्रयोग करणाऱ्यांना भर सभेत उघडे पाडले होते. या गुप्ततेला ते तेव्हा ‘निरुपद्रवी’ म्हणाले होते.

“मी म्हटलंच होतं, दृष्ट लागते,” यमुताई म्हणाल्या.

“दृष्ट लागलेली नाही. फोटो काढले नाहीत म्हणून ही वेळ आली आहे.”

“म्हणजे वेळ आली ना? मग तेच म्हणतेय मी.”

पोलीस एकदा येऊन यवतमाळचे जन्माचे कागद पाहून गेले. गटाने लिहिले: कागद विकत मिळतात. पडदे लावले की लिहिले जाई, लपवतात. पडदे उघडले की लिहिले जाई, नाटक करतात. जिला प्रत्येक निरीक्षण पुष्टीच देते ती कल्पना निरुपयोगी असते, असे कृष्णकांत वर्गात सांगत. अशा कल्पनेच्या आत राहायला गेल्यावर कसे वाटते, हे त्यांनी कधी सांगितले नव्हते, कारण त्यांना ते ठाऊक नव्हते.

भैरवीची साडेतीन महिन्यांची लस राहून गेली होती. गार्गी तिला घेऊन एकदा निघालीही होती. पण रिक्षाच्या बाजूने एक मोटारसायकल फोन उंच धरून दवाखान्यापर्यंत आली, आणि डॉक्टरांनी हात जोडून सांगितले की हे सगळे शांत झाल्यावर या. कृष्णकांत यांचा मुलगा गौरांग नोकरीसाठी हैदराबादला. तो रोज फोनवर एकच विचारी, संपलं का?

“बाबा, डीएनए करून टाकू,” गार्गी म्हणाली.

“आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचे असते. आपण का?”

“ते तुमच्या वर्गात. मला हिला टोचायला न्यायचंय.”

“अहवाल आला तरी तो विकत घेतला म्हणतील.”

“हो. पण तुम्ही एकदा तरी साधं ‘नाही’ म्हणाला असतात तर?”

यावर त्यांच्याकडे उत्तर होते. ते लांबलचक होते, म्हणून त्यांनी दिले नाही.

त्या दुपारी फाटकाशी एक पांढरी गाडी थांबली. आतून ओमप्रकाश उतरला. पलीकडच्या गल्लीत त्याचे मोबाइलचे दुकान होते आणि गट त्याचाच होता. मागून फोन धरलेले चार-पाच जण उतरले आणि सर्वांत शेवटी एक बाई.

“काकाजी, आपलं काही वैयक्तिक नाही,” ओमप्रकाश अदबीने म्हणाला. “पण आईचा हक्क आहे. तिला एकदा पोरगी पाहू द्या. आम्ही इथंच थांबतो.”

“आणि हे फोन?”

“लाइव्ह आहे ना, काकाजी. लोक विचारतात.”

कृष्णकांत नकार देणार होते. मागून गार्गी म्हणाली, “ताईंना येऊ द्या. फक्त त्यांना.”

शामला बैठकीच्या खोलीत आली आणि सोफ्याच्या अगदी कडेला टेकली. पडदे लावलेले असल्यामुळे दमट अंधार होता. यमुताईंनी पाणी दिले. तिने पेला नुसता हातात धरला. मग गार्गीने आतून भैरवीला आणले आणि क्षणभर थांबून तिच्या मांडीवर ठेवले.

शामला बराच वेळ पाहत राहिली. बोटाने तिने मुलीचा कान उलटून पाहिला, तळपाय पाहिला.

“मले आठवूनच नाही राहिलं वं ताई,” अखेर ती म्हणाली. “एकच दिवस होती माह्यापाशी. लाल लाल तोंड होतं. आता कशी दिसत असन, कोनाले मालूम?”

नवजात मुलाचा चेहरा तीन महिन्यांत किती बदलतो, हे कृष्णकांत यांना चांगले माहीत होते. या परीक्षेत ती आई उत्तीर्ण होणेच शक्य नव्हते.

ती त्यांच्याकडे वळली. “काकाजी, तुमी मोठे मास्तर म्हनतात. तुमी लिवलं ना, नाकारता येत नाही म्हनून? मले वाचून दाखोलं त्यायनं. म्हनून तं मी आली. नाहीतं कोनाच्या घरात काहून शिरली असती?”

“ते वाक्य अर्धे होते,” कृष्णकांत म्हणाले.

“मंग पुरं काय होतं?”

त्यांनी ते पूर्ण म्हणून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, लस टोचण्यापूर्वी दवाखान्यात सूचना ऐकतात तसे.

“म्हंजे हाये का नाही?”

त्यांनी उत्तराची जुळवाजुळव केली. ते स्वतः बाळंतपणाला हजर नव्हते. यवतमाळला पोचले तेव्हा भैरवी गुंडाळून ठेवलेली होती. त्यांना जे ठाऊक होते ते कागदांवरून आणि गार्गीच्या शब्दावरून. काटेकोरपणे बोलायचे तर त्यांची खात्री ही खात्री नव्हती, फार मोठी संभाव्यता होती. समोरची बाई त्या दोहोंमधल्या फटीत तीन महिन्यांची आशा घेऊन बसली होती, आणि ती फट त्यांनी ठेवली होती.

“नाही,” ते म्हणाले. “ही तुमची मुलगी नाही.”

शामलाने मान हलवली. भैरवीला उचलून तिने गार्गीच्या हातात दिले.

“बाहेर विचारतीन,” ती म्हणाली. “मी नाही म्हनलं का हे लोक शोधनं सोडून देतीन. पोलिसायनं तं कवाच सोडलं. मंग माह्या पोरीले कोन शोधन?”

बाहेर काय बोलायचे ते कोणी तिला सांगितले नाही. ती उठली, पदर सारखा केला आणि फाटकापर्यंत गेली. कृष्णकांत दोन पावले मागे होते. फोन वर झाले.

“तुमचीच आहे ना, ताई? घाबरू नका.”

“नाही,” शामला म्हणाली. “माही नाही.”

“आत धमकावलं का तुम्हाला?”

“नाही.”

“पैसे?”

“नाही म्हनलं ना गा.”

ओमप्रकाशने हातातल्या पडद्यावरच्या धावत्या ओळी वाचल्या. त्याचा आवाज तितकाच अदबशीर राहिला. फक्त ‘ताई’ गळून पडले. “लोक विचारतात, इतक्या लवकर इतकी खात्री कशी? की मुलगी कुठं आहे हे तुम्हालाच माहीत आहे?”

तिला प्रश्न कळायला वेळ लागला. मग एकाने गाडीचे दार लोटून बंद केले आणि दुसरा फोन तिच्या चेहऱ्याजवळ आणत म्हणाला, “हिच्या नवऱ्याचं पण काढा रे. विकली असेल यांनीच.”

शामला गाडीकडे गेली नाही. कुठल्याच बाजूला गेली नाही. फाटकाला पाठ लावून ती उभी राहिली, आणि आता सगळे फोन तिच्याभोवती होते.

“आत या,” दारातून गार्गी म्हणाली. “शामलाताई, आत या.”

कृष्णकांत यांनी फाटक एका माणसापुरते उघडले, तिला आत घेतले आणि कडी लावून वर कुलूपही घातले. बाहेर कोणीतरी मोठ्याने सांगत होते की पाहा, दोघी मिळालेल्या आहेत. त्यांनी वळून उत्तर दिले नाही. अर्धे घेता येईल असे काही आता त्यांना बोलायचे नव्हते, आणि तसे नसलेले वाक्य त्यांना सुचेना.

बैठकीत शामला पुन्हा सोफ्याच्या त्याच कडेला टेकली. यमुताईंनी पडद्याची उरलेली फट बंद केली आणि तिच्या हातात तोच पेला दिला. या वेळी ती पाणी प्यायली.

“आता मी घरी कशी जाऊ?” तिने विचारले.

बाहेरचा आवाज वाढला तशी सोफ्यावर निजवलेली भैरवी दचकून रडू लागली. गार्गी आणि शामला, दोघींचेही हात एकाच वेळी तिच्याकडे गेले. कृष्णकांत यांनी ते पाहिले. त्यावरून काहीही सिद्ध होत नव्हते.