पहिल्या तासाचं आमेन

टक्.

पंच्यावर मांडून ठेवलेल्या बरण्यांपैकी एकीचं झाकण आत बसलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. खुर्चीवर गुडघे टेकून बसलेली पाच वर्षांची एल्सी म्हणाली, "एक बसली."

तिनं पुन्हा सांगितलं, "आजी, एक बसली."

"ऐकलं गं," व्हर्ना म्हणाली. तिच्या सुरीखालचा पीच तसाच राहिला होता.

पाकातल्या पीचच्या उकळून काढलेल्या बरण्या गार होत जातात तसं झाकण आत ओढलं जातं आणि असा आवाज होतो. तो आला की समजायचं, हिवाळाभराची काळजी मिटली. कॅन्ससमधल्या त्या लहानशा गावात ऑगस्ट महिन्यात घरोघरी हा आवाज ऐकू यायचा. एल्सीच्या आईनं, जनेलनं, तो लग्न झाल्यापासून सासूच्याच स्वयंपाकघरात ऐकला होता. तिची स्वतःची आई ती शाळेत असतानाच गेली होती. पीच उकळत्या पाण्यात किती वेळ धरायचा, म्हणजे साल अलगद सुटते, हे तिला व्हर्नानं शिकवलं. बरण्या भरायच्या दिवशी दोघींची तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची. सासरे, ऑर्लिन, हयात होते तेव्हा दारातून डोकावून विचारायचे, "आज काय सोलताय, फळं की माणसं?" आणि एक फोड उचलून पसार व्हायचे. त्यांना जाऊन दोन उन्हाळे झाले होते. त्यांची खुर्ची अजून तिथंच होती, खिडकीपाशी, आणि तिच्यावर कुणी बसत नव्हतं.

यंदा मात्र मंगळवारपासून सासूसुनेत जेवढ्यास तेवढंच बोलणं होतं.

मंगळवारी गावच्या शाळेचा कारभार बघणाऱ्या बोर्डाची बैठक झाली होती. जनेल गावच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायची, आणि व्हर्ना त्या बोर्डावर निवडून आलेली होती. बोर्डानं एका मताच्या फरकानं ठरवलं, की उत्क्रांतीचा धडा सुरू करण्याआधी शिक्षकानं वर्गात एक परिच्छेद वाचून दाखवायचा. उत्क्रांती हा निव्वळ एक सिद्धान्त आहे, त्यात उणिवा आहेत, आणि सजीवांची घडण बघता त्यांच्यामागं एखादा बुद्धिमान रचनाकार असावा असंही काही जाणकार मानतात, असा त्याचा मजकूर होता. निर्णय ठरवणारं ते एक मत व्हर्नाचं होतं. हे चर्च शाळेत आणणं नाही का, असं कुणीतरी विचारलं तेव्हा व्हर्ना उभी राहून म्हणाली होती, "यात देवाचं नाव कुठं आहे ते दाखवा. हे विज्ञान आहे. पोरांना दोन्ही बाजू कळू देत." व्हर्ना खोटं बोलत नाही हे सगळं गाव जाणून होतं, त्यामुळं विषय तिथंच संपला.

"सोमवारी धडा सुरू करतेस ना?" व्हर्नानं आता विचारलं.

"हो."

"वाचशील ना ते?"

जनेलनं पीचची साल ओढली. "आणि नाही वाचलं तर?"

"तर बोर्ड नोकरीवरून काढेल. आणि काढायला हात वर करणाऱ्यांत मला बसावं लागेल."

"आई, पेनरसरांनी मला शिकवलं त्या खोलीत उभं राहून मी ते वाचू?"

"पेनरचं मला सांगू नकोस. जन्मभर चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसायचा तो. बेसूर गायचा." व्हर्नानं सुरी पुसली. "मी येईन सोमवारी. मागं बसेन. उद्या कुणी म्हणायला नको, सुनेनं गाळलं आणि सासूनं झाकलं."

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "माझ्यासाठी वाच, पोरी."

त्या रविवारी दुपारी आपल्या तान्ह्या, धाकट्या बाळाला मांडीवर थोपटताना जनेलच्या डोळ्यांसमोर सारखी तिच्या शाळेच्या दिवसांतली ती जुनी बस येत राहिली. पेनरसर वर्षाची सुरुवातच या धड्यानं करायचे, आणि तो वर्गात नाही, गावाबाहेरच्या पांढऱ्या खडूच्या कड्यांपाशी करायचे. सगळीकडं कापणी झालेला गहू, वारा, आणि मधेच ते पांढरे कडे, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचा तळ. "तुम्ही समुद्राच्या तळाशी उभे आहात," सर म्हणायचे, "बूट ओले करू नका." पोरं हसायची. मग सगळे पोटावर आडवे होऊन शार्कचे दात शोधायचे. हाड कुठलं आणि दगड कुठला हे ओळखायची सरांची युक्ती साधी होती: जीभ लावून बघा, चिकटलं तर हाड. त्यामुळं बस परतायची तेव्हा वर्गातल्या सगळ्यांच्या जिभा पांढऱ्या असायच्या. जनेलला दात सापडला तेव्हा सरांनी तो उन्हात धरला आणि उलटसुलट करून बघत राहिले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या दिवशी तिला भूक लागली होती.

जेवायच्या आधी सर टोपी काढायचे. ज्यानं समुद्र भरला आणि आटवला त्याचे आभार मानायचे, सँडविच करून देणाऱ्या आयांचेही आभार मानायचे, आणि मग सगळे तुटून पडायचे. त्या दुपारी कुणालाच कुठल्या बाजूला बसायचं नव्हतं. सावली एकाच कड्याची होती, तिथंच सगळे बसले होते.

ती खोली आता जनेलची होती, आणि व्हर्नाचं स्वयंपाकघरही तिचं होतं. वाचलं तर सरांची खोली परकी होणार होती, नाही वाचलं तर सासूचं स्वयंपाकघर. बाळ झोपलं तरी ती थोपटतच राहिली.

सोमवारी पहिल्या तासाला व्हर्ना चर्चला घालते तो निळा स्वेटर घालून, पर्स मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसली. एल्सी आणि बाळ घरी कर्टजवळ, म्हणजे जनेलच्या नवऱ्याजवळ होते. वर्ग अर्धा झोपेतच होता. पोरं पहाटे गाईगुरांचं आटपून आलेली.

जनेलनं कागद उचलला. "आज आधी मला एक मजकूर वाचायचाय."

"परीक्षेला आहे का, मिसेस श्राग?" पुढच्या बाकावरच्या कोल्टननं विचारलं.

"नाही."

"मग वाचा निवांत."

ती वाचू लागली. दुसऱ्यानं हाती दिलेला मजकूर उभं राहून वाचायचा, तर तिच्याकडं एकच आवाज होता: रविवारी आळीपाळीनं बायबलचा उतारा वाचायची पाळी येते तेव्हाचा. कागद दोन्ही हातांत, मान किंचित खाली, प्रत्येक वाक्यानंतर श्वास. दुसऱ्या वाक्याला कोल्टननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तिसऱ्या वाक्याला माना खाली गेल्या. शेवटचा शब्द झाला, जनेलनं कागद खाली केला, आणि सगळा वर्ग एका सुरात, कंटाळलेल्या, सवयीच्या आवाजात म्हणाला,

"आमेन."

आणि वह्या उघडल्या. कुणीही हसलं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पाळण्यात असल्यापासून ही मुलं चर्चमध्ये असा आवाज संपला की हेच म्हणत आली होती.

जनेलनं मागं बघितलं. व्हर्ना पर्सचा बंद घट्ट धरून समोर बघत होती. तिचे ओठ अजून थोडे उघडे होते. मग ती उठली, आणि दार अजिबात वाजू न देता निघून गेली.

जनेलनं धडा सुरू केला. काय शिकवलं ते तिला नंतर आठवलं नाही.

संध्याकाळी जेवणाच्या सुमाराला व्हर्नाची गाडी जनेलच्या दारात आली. ती आत आली नाही. पायरीवरच बसली, एकावर एक गोळा ठेवून भाजलेले दुमजली पाव फडक्यात बांधून मांडीवर घेऊन. एल्सी धावत गेली, एका पावाचा वरचा मजला काढून खाऊ लागली. जनेल बाळाला घेऊन बाहेर आली आणि शेजारी बसली.

"मीही म्हणाले," व्हर्ना म्हणाली.

"ऐकलं मी."

"ऐकलंसच. माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता." तिनं फडक्याची गाठ सोडली, परत बांधली. "साऱ्या गावापुढं सांगितलं मी, हे विज्ञान आहे म्हणून. विज्ञानाला कुणी आमेन म्हणतं? पीचच्या पाकाची कृती वाचून मी कधी आमेन म्हटलंय?"

"पाक जमला की म्हणता."

व्हर्नाला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "पुढच्या बैठकीत माझं मत मागं घेणार आहे. माझी श्रद्धा तसूभरही हललेली नाही, हे ध्यानात ठेव. पण गावाशी खोटं बोलले मी. नकळत का होईना, बोलले."

"लोक नावं ठेवतील, आई."

"ठेवू देत. रविवारी माझेच पाव खातील." मग ती रस्त्याकडं बघत राहिली. "तुला वाटलं असेल, मी तुझ्या मुळावर उठले. तसं नव्हतं गं. ऑर्लिन गेल्यापासून एकच भीती आहे मला. सगळं आपोआप आलं म्हणतात. आपोआप आलेलं आपोआप जातही असेल. तसं असेल, तर मी रोज सकाळी त्या खुर्चीशी बोलते, ते कुणाशी?"

जनेलनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळा झालेला हात व्हर्नाच्या हातावर ठेवला. त्या बोटांना अजून पीचचा वास येत होता.

"तू नक्की काय शिकवतेस त्यांना?" व्हर्नानं विचारलं. "इतकी वर्षं झाली, मी कधी विचारलंच नाही. साध्या शब्दांत सांग, मला झेपेल असं."

"एवढंच सांगते, की काहीच होतं तसं राहत नाही. पिढ्यान्‌पिढ्या, अगदी हळूहळू, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, एकाचं दुसरं होत जातं."

"आणि ते कोण करतं?"

"ते माझ्या तासाला नसतं, आई."

"पेनर असाच निसटायचा," व्हर्ना म्हणाली. "फार चिडायचे मी त्याच्यावर." पण तिनं हात काढून घेतला नाही. समोर गव्हाच्या रिकाम्या शेतांवर ऊन उतरत होतं, आणि दोघी बऱ्याच दिवसांनी नुसत्या शेजारी बसल्या होत्या.

एल्सीचं चावणं थांबलं होतं.

"मम्मी, सगळंच हळूहळू दुसरं काहीतरी होतं?"

"हो गं. पण फार हळू."

"मग आजोबा आता काय होतायत?"