रिव्हर्सचा तास

चष्मेवाला बायकोला घेऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आला, तेव्हा फॉर्म त्यानेच भरला. सहीही तोच ठोकणार होता, पण मास्तरिणीने पेन काढून बायकोच्या हातात दिलं. मास्तरीण म्हणजे गाडी शिकवणारी बाई. बावीस वर्षं ती शिकवत होती आणि तिचं खरं नाव लोक विसरले होते.

"लोकांना चष्मे विकतो आणि माझीच नजर हल्ली दगा देते," चष्मेवाला म्हणाला. "लायसन काही पुन्हा मिळालं नाही. म्हटलं, हिला शिकवावं. मला दुकानात सोडेल, घरी आणेल. बास."

माणूस मोठा गोडबोल्या. पहिले चार दिवस तो मागच्या सीटवर बसून आला. बायकोच्या हातून गाडी बंद पडली की तो ओरडायचा नाही, नुसता खाकरायचा. तो खाकरला की तिचे खांदे कानांना भिडायचे आणि गाडी पुन्हा बंद पडायची. स्टिअरिंग सावरायला मास्तरिणीने हात पुढे केला की ती मान आत ओढून डोळे मिटायची. तेही गाडी चालू असताना.

खांबाला, ट्रकला, एकदा तर बदकांना भिऊन डोळे मिटणारी माणसं मास्तरिणीने पाहिली होती. हाताला भिणारी फक्त तिची धाकटी बहीण. तेव्हा 'संसारात असं चालायचंच' म्हणून मास्तरीण गप्प बसली होती. बहिणीचं कोपर अजून सरळ होत नाही.

पाचव्या दिवशी तिने चष्मेवाल्याला गाडीत बसू दिलं नाही.

"विम्याचा नियम आहे."

"काल नव्हता?"

"कालही होता. मी काल वाचला."

गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिने विचारलं, "घरी कुणी हात उगारतं का?"

"बाई, मी रस्त्याकडे बघू का?"

"बघा."

दोन सिग्नल गेले. मग बायको म्हणाली, "रोज नाही."

महिला सहाय्य केंद्राच्या एका सभेला मास्तरीण मागे गेली होती. दोन तास पुरुषांनी स्त्रियांविषयी भाषणं केली. ते उठून गेल्यावर केंद्रातल्या ताईंच्या हाती माइक आला. त्या एवढंच म्हणाल्या, "विचारा, ऐका, पत्ता सांगा. ओढून आणू नका. आणि नवऱ्याला समजवायला तर मुळीच जाऊ नका."

"उद्यापासून रिव्हर्स शिकू," मास्तरीण म्हणाली.

वाचनालयामागच्या केंद्रापुढे ऐसपैस जागा होती. तीन दिवस बायको तिथे गाडी मागे घेत होती. गाडी वाकडी लागायची, दारावरची पाटी मात्र सरळ दिसायची.

"तिथे काय करतात?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.

"ऐकून घेतात, लिहून घेतात. वकील देतात. राहायची सोय आहे. घरी कळवत नाहीत."

"आणि मग?"

"मग तुम्ही ठरवायचं."

"आधी मला गाडी नीट लावू द्या."

चौथ्या दिवशी ती नीट लागली. बायकोने हँडब्रेक ओढला, किल्ली मास्तरिणीच्या हातात दिली आणि आत गेली. बाहेर यायला दोन तास लागले. मास्तरिणीने पुढच्या शिकाऊला फोन करून गाडी बिघडल्याचं सांगितलं.

रिव्हर्सचे असे पाच-सहा तास झाले. ताईंनी कागद तयार केले, राहायला बायकोच्या मावशीचं घर ठरलं. मग एका सकाळी बायको तासाला म्हणून निघाली, ती घरी परतलीच नाही.

दुपारी चष्मेवाला स्कूलमध्ये आला. गोडवा घरीच राहिला होता.

"कुठे आहे ती?"

"सांगणार नाही."

"माझं घर फोडलंस तू!" त्याने हात उगारला. मास्तरीण जागची हलली नाही.

बाकावर एक निवृत्त हेडक्लार्क बसले होते. म्हातारपणी गाडी शिकत होते आणि अजून दुसऱ्या गिअरवर अडले होते. ते उठून दोघांच्या मध्ये उभे राहिले.

"हात खाली घ्या," ते म्हणाले. "मी तुमच्या शेजारी राहतो. भिंत पातळ आहे."

चष्मेवाल्याने हात खाली घेतला आणि तो निघून गेला.

"इतकी वर्षं ऐकत होतात, आणि बोलला नाहीत?" मास्तरिणीने विचारलं.

"टीव्ही मोठा करायचो," हेडक्लार्क म्हणाले. "आता कुठे सांगायचं असतं?"

तिने त्यांना केंद्रावर नेलं. त्यांनी चार पानं जबाब दिला, तारखांसकट. त्यांच्याच जिन्यावरच्या आणखी दोन बायकांनाही ते घेऊन आले. त्यांतल्या एकीचं काम निराळंच निघालं. तिने ताईंकडे स्वतःच्या घरचं सांगायला वेळ मागितला.

चष्मेवाल्याने बायकोच्या जवळपास फिरकू नये, असा हुकूम कोर्टाने दिला. तो अजून चष्मे विकतो. गिऱ्हाईक थोडं कमी झालंय.

बायको पहिल्या टेस्टमध्ये चढावर नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली. आता ती औषधांची व्हॅन चालवते. परवा सिग्नल हिरवा झाला तरी मास्तरिणीचा नवा शिकाऊ गिअर शोधत बसला होता. मागच्या व्हॅनने असा हॉर्न दिला की अख्खा चौक वळून बघायला लागला.

"कोण बाई आहे ही!" शिकाऊ चिडून म्हणाला.

"घाईत आहे," मास्तरीण म्हणाली. "तिला वाट दे."