एकशे एकोणसत्तरावा भागाकार

"बाबा, ही फाईल आता टाकू का?" लेकीने विचारलं. मीटरवाल्यांनी वर न बघताच नकारार्थी मान हलवली.

फाईल त्यांच्या बायकोची, दवाखान्यातली. वर केसपेपरचा नंबर छापलेला: १०२२११७. पस्तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून पाण्याचे मीटर वाचलेला हा माणूस. आकडा दिसला की फोडून बघायची खोड जडलेली. खाटेशेजारी बसून दुसरं करणार तरी काय? लेकीच्या जुन्या पुस्तकामागे हजारपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी होती, एकशे अडुसष्ट. एकेकीने ते नंबराला भागत गेले. दोनने नाही, तीनने नाही, सातने भागलं तर बाकी पाच. मनात एक खूळ धरलं होतं: याला भाग गेला नाही तर हिलाही काही होणार नाही. हे ते कुणाला बोलले नाहीत. शहाण्या माणसाने बोलावं असं ते नव्हतंच.

बाविसाव्या दिवशी नऊशे सत्त्याण्णवने भागलं, बाकी एकशे ब्याण्णव. यादी संपली. तुझा नंबर मूळ निघाला, कुणाच्या बापाला फुटायचा नाही, असं त्यांनी तिला ऐटीत सांगितलं.

"म्हणजे त्याला आपलं असं कुणीच नाही?"

"एक, आणि तो स्वतः. बास."

"एकटाच हो बिचारा," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली. नंबराने दगा दिला याचं त्यांना फारसं वाटलं नाही. तिच्याशी शेवटचं धड बोललो ते हे, याचं मात्र वाईट वाटत राहिलं.

लेक शाळेत गणित शिकवायची. आता फाईलमागे बाबांनी केलेले भागाकार वाचता वाचता ती थबकली.

"इथेच घोडं पेंड खातंय, बाबा. जिचा वर्ग नंबरात बसतो ती प्रत्येक मूळ संख्या बघावी लागते. हजारचा वर्ग दहा लाख, आणि नंबर त्याच्या पुढचा. यादी संपली म्हणून तुम्ही थांबलात. एक राहिली. एक हजार नऊ."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. जाऊ दे, म्हणाली.

मीटरवाल्यांनी पेन्सिल मागितली. भाग एकदा गेला, मग शून्य, मग पुन्हा एकदा. खाली उरले तीन हजार सत्तावीस. एक हजार नऊची तिप्पट किती, हे त्यांनी दोनदा करून पाहिलं. बाकी काही उरली नाही. उत्तर एक हजार तेरा.

"हीसुद्धा मूळच," लेक म्हणाली. "दोघींच्या मध्ये दुसरी मूळ संख्याच नाही."

"शेजारीशेजारी?"

"अगदी खेटून."

त्यांनी केसपेपर काढला आणि छापील नंबराखाली दोन्ही आकडे लिहिले.

"तिला चुकीचं सांगितलं गं मी," ते म्हणाले.

मग पेन्सिलीचं पुसून जाईल म्हणून खिशातलं पेन काढलं आणि दोन्ही आकडे सावकाश गिरवले.