जुना नवा करार आणि ओढ्यापलीकडची बहीण

मी एक जुना नवा करार आहे. हसायचे तर हसून घ्या, मित्रांनो, मला सवय आहे. बायबलच्या दुसऱ्या भागाला नवा करार म्हणतात, आणि त्याची ही माझी प्रत आता सत्तरीला टेकली, यात माझा काय दोष? पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरे केव्हाच उडाली. पाठीला निळी चिकटपट्टी लावलेली आहे. पण आतले एकही पान गळालेले नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

माझे गाव वाइसिना, सामोआतल्या सवाई बेटावर. आमच्या भाषेत मला ‘फेआगाइगा’ म्हणतात. म्हणजे करार, दिलेला शब्द. हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्यामुळेच झाला. आमच्याकडे बहिणीलाही फेआगाइगाच म्हणतात. भावाने बहिणीचा मान राखायचा, तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही, घरातली मोठी गोष्ट तिला विचारल्याशिवाय ठरवायची नाही, असा हा जन्मापासूनचा करार असतो. गावाच्या पाळकालाही, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूलाही, आदराने हेच म्हणतात. एक शब्द आणि मानकरी तीन, असा आमचा कारभार आहे.

माझा जन्म कुठल्या छापखान्यात झाला ते मला आठवत नाही. शाईचा वास आणि अंधारी पेटी एवढेच आठवते. सिएनी नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला तिच्या हातावर ठेवले, तेव्हा मी प्रथम उजेड पाहिला. सिएनीने मला फुलासारखे वगैरे अजिबात जपले नाही. एका हाताने अळूचे कंद सोलायची आणि दुसऱ्या हाताने माझे पान धरायची. नारळाच्या दुधाचे डाग माझ्या अंगावर अजून आहेत. तुफानात घराचे छप्पर उडाले तेव्हा मात्र तिने मला पोटाशी बांधले आणि रात्रभर नारळाच्या बुंध्याला मिठी मारून बसली. तुफानातल्या पाण्याने माझी कड फुगली ती कायमची.

तिचा एक नियम होता. सकाळी एक वचन वाचायचे आणि संध्याकाळपर्यंत ते करून टाकायचे. ती म्हणायची, “केलं नाही तर वाचलंच नाही.” परक्याला घरात घ्या असे वाचले त्या दिवशी तिने रस्ता दुरुस्त करायला आलेल्या सहा माणसांना बोलावून नीरफणस आणि मासे वाढले. वैऱ्यावर प्रेम करा असे वाचले त्या दिवशी ती दुपारपर्यंत धुसफुसत होती. शेवटी कोंबड्यावरून भांडलेल्या शेजारणीला तिने मासा पाठवला, आणि दोन माशांतला मोठा पाठवला. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. मी नुसता वाचला जात नव्हतो, रोज कामाला लागत होतो.

सिएनीला दोन मुले. थोरली फुआतिनो आणि धाकटा पेलेनातो. आई गेल्यावर पेलेनातो घराण्याचा कर्ता झाला आणि मी त्याच्याकडे आलो.

पेलेनातोला वचनाचा अर्थ उलगडून सांगण्याची मोठी हातोटी. संध्याकाळी प्रार्थनेची वेळ झाली की झाडाला टांगलेले रिकामे सिलिंडर कांबीने बडवले जाते, सगळे गाव आपापल्या घरात बसते आणि रस्त्यावर कुत्रेही फिरकत नाही. आमच्या घरांना भिंती नसतात. त्यामुळे पेलेनातोचे बोलणे आजूबाजूच्या चार घरांत ऐकू जायचे आणि तीही माणसे आपले वाचन आवरून त्याचेच ऐकायची. तो सांगायचाही छान. “डोळ्यातलं मुसळ म्हणजे काय? आपला डुक्कर दुसऱ्याच्या शेतात शिरला तर ‘कुंपण कच्चं आहे’ म्हणायचं, आणि दुसऱ्याचा आपल्याकडे आला तर ‘डुक्कर माजलाय’ म्हणायचं. हे मुसळ.” चारही घरांतून हशा यायचा. माझी छाती फुगायची.

पण मला एक ठाऊक होते आणि ते मला बोचत होते. माझ्यातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाशी आला की पेलेनातो एकदम दोन पाने उलटायचा. त्या पानावर लिहिले आहे की तू देवापुढे भेट घेऊन आलास आणि आपल्या भावंडाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे तुला तिथे आठवले, तर भेट तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये आणि भेट दे. गावाला वाटे, वयामुळे त्याची बोटे सरकतात. बोटांना काही झाले नव्हते.

झाले होते ते आईच्या मयताला. सिएनी आणि फुआतिनो या मायलेकींनी तीन वर्षे खपून केवड्याच्या पातींची एक चटई विणली होती. इतकी बारीक की अंगावर घेतली तर कापडासारखी पडे. आमच्याकडे अशी चटई बसायला नसते, ती घराण्याची इज्जत असते. मयताला मोठमोठे पाहुणे आले, आणि आपले नाव व्हावे म्हणून पेलेनातोने ती चटई सगळ्यांदेखत पाहुण्यांना देऊन टाकली. फुआतिनोला विचारले नाही. ती म्हणाली, “त्यात आईचा हात होता. मला एका शब्दाने विचारायचंस तरी.” आणि पेलेनातो शंभर माणसांसमोर बहिणीला म्हणाला, “तुला दिलीय दुसऱ्या घरी. या घरात तुझं काय?”

मी तेव्हा शवपेटीशेजारीच होतो. माझी पाने मिटलेली होती हे बरे झाले.

फुआतिनो ओढ्यापलीकडच्या गावात राहते. त्या दिवसापासून तिने ओढा ओलांडला नाही आणि याने तिकडे पाहिले नाही. अशी नऊ वर्षे गेली. पेलेनातो रोज दुसऱ्यांना क्षमा शिकवत राहिला.

मग आमच्याकडे नवा पाळक आला. एलिसारा त्याचे नाव. वाढला ऑकलंडमध्ये, त्यामुळे आमची भाषा त्याला पुस्तकातून आलेली. त्याने एका रविवारी जाहीर केले, “पुढच्या रविवारी प्रत्येक घराच्या कर्त्याने आपला फेआगाइगा घेऊन पुढं यायचं आहे. आपण सगळ्यांवर प्रार्थना करू.” त्याला म्हणायचे होते, घरातला नवा करार आणा. पण बायकांच्या बाकांवर हातातले पंखे एकदम जोरात हलू लागले आणि सगळ्यांचे डोळे पेलेनातोकडे वळले.

घरी येताना त्याची बायको लुपे म्हणाली, “मग कोणता नेणार? घरातला की ओढ्यापलीकडचा?”

“पाळक पुस्तकाबद्दल बोलला.”

“पाळक बोलला पुस्तकाबद्दल. ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं ते तुम्ही पाहिलंत.”

तो आठवडा पेलेनातोने माझी सेवा करण्यात घालवला. धूळ पुसली, निळी पट्टी लावली, कधी नव्हे ते ऊन दाखवले. मला सुख वाटायला हवे होते. पण माझी इतकी काळजी कशासाठी चालली आहे हे मी ओळखून होतो.

शनिवारी लुपे बाजारातून बातमी घेऊन आली. “फुआतिनोला न्यायला तिची मुलगी आलीय ऑकलंडहून. मंगळवारच्या बोटीनं निघतायत. आता ती तिकडंच राहणार, गुडघ्यांमुळं परतीचा प्रवास व्हायचा नाही तिच्यानं.”

पेलेनातो नारळ सोलत होता. त्याने आणखी एक नारळ सोलून बाजूला टाकला. मग म्हणाला, “जाऊ दे. निरोप घ्यायला आली का ती?”

“कुणी कुणाकडं जायचं ते मी कशाला सांगू? गावाला सांगणारे तुम्ही.”

त्या संध्याकाळी सिलिंडर वाजले, सगळे बसले, आणि पेलेनातोला चष्मा सापडेना. चष्मा कुठे होता ते मला दिसत होते. लुपे चटईच्या ज्या कोपऱ्यावर बसली होती त्याच्या खाली तो होता, आणि ती जरा तिरकी बसली होती. मी पुस्तक आहे, चुगली करणे माझे काम नाही.

“द्या इकडं, मी वाचते आज,” ती म्हणाली. तिने मला सरळ मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर उघडले. त्या पानाला नऊ वर्षांनी वारा लागला. ती सावकाश वाचत गेली. भेट वेदीपुढे ठेव. आधी जा. समेट कर. मग ये. वाचून झाल्यावर तिने मला मांडीवर ठेवले आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे म्हणाली, “आता समजावून सांगा.”

शेजारची चारही घरे ऐकत होती. पेलेनातोने घसा साफ केला. एकदा, दोनदा. मग म्हणाला, “यात समजावण्यासारखं काही नाही. सरळच लिहिलंय.” आणि प्रार्थना न म्हणताच तो उठला.

रविवारी पांढरा कोट घालून, मला छातीशी धरून तो चर्चमध्ये गेला. घरोघरचे कर्ते रांगेने पुढे जात होते आणि आपापले पुस्तक वेदीसमोरच्या मेजावर ठेवत होते. पेलेनातोची पाळी आली. त्याने मला मेजावर ठेवले.  मग आपल्या जागेवर जायच्या ऐवजी तो मधल्या वाटेने चालत दाराबाहेर पडला.

“पेलेनातो, प्रार्थना राहिलीय,” एलिसारा गोंधळून म्हणाला.

लुपे बाकावरून बोलली, “थांबा थोडं, पाळकसाहेब. ते भेट ठेवून गेलेत. येतील.”

पुढचे मी पाहिले नाही, कारण मी मेजावर होतो. पण नंतर ते आमच्या घरात इतक्या वेळा सांगितले गेले आहे की मला तोंडपाठ आहे. ओढ्यापलीकडच्या चर्चमध्ये उपासना चालू होती. पेलेनातो आत गेला नाही. दारासमोरच्या गवतात, भर उन्हात, तो मान खाली घालून बसला. मोठा अपराध झाला की आमच्याकडे माणूस असाच दुसऱ्याच्या दारात बसतो आणि समोरचा उठवीपर्यंत उठत नाही. आतल्या माणसांनी पाहिले. प्रवचन थांबले. फुआतिनो काठी टेकत बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

“मी तुला न विचारता चटई दिली, ताई,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “आणि जे बोललो ते चटईपेक्षा वाईट होतं. ते घर आधी तुझं आहे, मग माझं.”

तिने आधी ओढ्याच्या दिशेने पाहिले.  मग ती म्हणाली, “नऊ वर्षं लागली तुला हा ओढा ओलांडायला. पाणी गुडघाभर आहे.”

“मला खोल वाटलं.”

“ऊठ. कोटाला चिखल लागला. आई असती तर तिनं धू धू धुतलं असतं, आधी तुला आणि मग कोटाला.” एवढे म्हटले आणि दोघेही रडली.

इकडे आमच्या गायकमंडळाची तयार असलेली चारही गाणी संपली, म्हणून त्यांनी पहिले पुन्हा सुरू केले. घरोघरच्या भट्ट्यांतले कंद करपायची वेळ झाली, पण कोणी उठले नाही. शेवटी दारात ती दोघे दिसली. फुआतिनो पुढे आणि पेलेनातो तिच्या मागे. वेदीपाशी येऊन तो पाळकाला म्हणाला, “तुम्ही फेआगाइगा आणायला सांगितला होता. माझे दोन आहेत. एक आधी आणून ठेवला, दुसऱ्याला वेळ लागला.”

फुआतिनोने काठी फरशीवर टेकली. “मला कुणी आणलेलं नाही, पाळकसाहेब. मी आले आहे.”

एलिसाराला तेव्हा कुठे आपल्या शब्दाचा अर्थ कळला. त्याने आधी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मग आम्हा पुस्तकांवर. मला दुसरा नंबर मिळाला. माझ्या आयुष्यात मला याहून मोठा मान मिळालेला नाही.

मंगळवारी धक्क्यावर पेलेनातोने मला पुढे केले. “या वेळी विचारून देतोय. आईचं पुस्तक तू नेशील का?”

फुआतिनोने माझी पाने चाळली, आईच्या हातच्या नारळाच्या दुधाच्या डागांवर बोट फिरवले आणि मला परत त्याच्या हातात दिले. “तुझ्याकडंच असू दे. तुला गरज जास्त आहे.” बोट सुटली. बोटीचा धूर दिसेनासा होईपर्यंत तो उभा होता.

आता संध्याकाळी ऑकलंडहून फोन येतो. पेलेनातो वाचतो आणि म्हणतो, “ताई, तू सांग आधी, मी ऐकतो.” ती सांगते. चार घरे अजूनही ऐकतात, आणि कधी कधी हसतातही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला दमट जागी ठेवू नका, कसर लागू देऊ नका. पण एवढ्यावर मी समाधानी नाही. वचन वाचलेत की शेजाऱ्याच्या आधी ते स्वतःला लावून पाहा, आणि ज्याच्याकडे जायचे आठवेल त्याच्याकडे त्याच दिवशी जा. जाता येते, मी डोळ्यांनी पाहिले आहे. पेलेनातोला बहिणीसोबत दोन दिवस मिळाले आणि तो त्यासाठी रोज देवाचे आभार मानतो. मीही मानतो. पण मला ती नऊ वर्षेही हवी होती.