तुळशीरामने दाखवलेलं कोकण

शनिवारी संध्याकाळी देवेशचा घसा बसला तो बसलाच. कोकणच्या सहली काढणाऱ्या कादंबरीचा तो एकुलता एक गाइड. रविवारी सकाळी सहाला कामोठ्याहून बस सुटायची होती, बावीस जणांचं बुकिंग होतं आणि कादंबरीचा स्वतःचा पाय प्लास्टरमध्ये. शेवटी तिनं सासऱ्यांकडे पाहिलं.

“बाबा, तुम्ही जाल?”

तुळशीराम जन्मभर मिठागरावर राबलेला. मिठागर गेल्यापासून तो दिवसभर बोलायला माणूस शोधत असायचा. उत्तर द्यायच्या आधीच त्यानं कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला.

पळस्प्याहून बस गोव्याच्या रस्त्याला लागली आणि त्यानं माइक हातात घेतला. शिरढोणला, क्रांतिकारक वासुदेव बळवंतांच्या जन्मगावी, सगळ्यांना हात जोडायला लावले. कर्नाळ्याचा सुळका दाखवला. पेणला तर मेव्हणीचं लग्न कुठल्या गल्लीत झालं आणि पंगतीत काय कमी पडलं, तेही सांगितलं. लोक खूश. वडखळ मागे पडलं आणि तुळशीरामनं माइक मांडीवर ठेवला.

पहिल्या सीटवर अरुंधतीबाई वही उघडून बसल्या होत्या. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या.

“काका, पुढची माहिती?”

“नाय बाय. याच्या फुडं मी कदी आलोच नाय.”

“म्हणजे? तुम्ही गाइड ना?”

“आजच्यापुरता हाय. नेहमीच्या पोराचा घसा बसलाय. मना ठाव नाय, पन इचारता येतं ना!”

बाईंनी वहीत रागानं काहीतरी लिहिलं.

रेवदंड्याला तुळशीरामनं बस थांबवली ती थेट एका वाडीपाशी. सुपारीच्या शेंड्यावर एक माणूस चढलेला दिसला होता. “दादा, तिथून काय काय दिसतं रं?” यानं खालून हाक मारली. वरचा माणूस हसला, झाड झोकात वाकवलं आणि खाली न उतरताच शेजारच्या सुपारीवर गेला. मग तिसरीवर. बावीस तोंडं उघडीच राहिली. उतरल्यावर त्यानं सगळ्यांना वाडी फिरवून दाखवली. अरुंधतीबाईंनी मिरीचे हिरवे घोस पहिल्यांदाच वेलीवर पाहिले, पण चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही.

खाडीवरचा पूल ओलांडून बस कोर्लईला पोचली. किल्ला आणि दीपगृह बघून लोक खाली आले, तेव्हा तुळशीराम दारात सुका जवळा निवडणाऱ्या एका म्हातारीशेजारी उकिडवा बसला होता. म्हातारीनं आत सुनेला काहीतरी सांगितलं. त्यातला एकही शब्द त्याला कळला नाही.

“मावशे, मना शिव्या देतेस का काय?”

“चहा टाक म्हटलं तिला! ही आमची भाषा. नो लिंग म्हणतो आम्ही, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीजांच्या काळापासून आहे, या गावातच बोलतात.”

अरुंधतीबाई जागच्या जागी थांबल्या. “एवढ्याशा गावाची वेगळी भाषा? तीस वर्षं मी मुलांना नकाशात हा किनारा दाखवत होते हो!” असं म्हणून त्या सरळ उंबऱ्यावर टेकल्या. पाण्याला काय म्हणता, समुद्राला काय, सुनेला काय? म्हातारी सांगायची, बाई तसंच म्हणून बघायच्या आणि उच्चार ऐकून आतली सून हसून बेजार व्हायची. काशीदचा समुद्रकिनारा कार्यक्रमात होता, पण चहाची दुसरी फेरी झाली आणि ड्रायव्हरनंही पायातल्या चपला काढल्या. काशीद राहून गेलं.

सोमवारी सकाळी अरुंधतीबाईंचा फोन आला, तेव्हा कादंबरीनं माफीची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

“पुढच्या सहलीत माझ्या बहिणीचं आणि माझं नाव लिहा,” बाई म्हणाल्या. “पण तो घसा बसलेला मुलगा नको. काकाच पाहिजेत.”

कादंबरीनं सासऱ्यांना विचारलं. तुळशीराम जरा भाव खात म्हणाला, “जाईन. पन जिथं मी गेलो नाय, तिथंच.”

तिनं भिंतीवरचा नकाशा दाखवला. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, गुहागर, मालवण. तो एकेका नावावर बोट ठेवून “नाय गेलो” म्हणत राहिला आणि वेंगुर्ल्यापर्यंत पोचल्यावर त्याचा चेहरा खुलला.

“सूनबाय, लय ठिकानं ऱ्हायलीत की गं!”