बारकूबाबाची ओली पुडी

सायखेड्यात लंकाबाईंच्या ओसरीवर अख्खी आळी लोटली होती. ज्याची पुडी ओली, तो चोर! लंकाबाईंची सोन्याची पोत हरवली होती. बारकूबाबानं घरातल्या चौघांच्या नावानं भस्माच्या चार प्लास्टिक पुड्या सीलबंद करून, रबरानं चिठ्ठ्या लावून, पाच दिवस देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या. संशय एकीवरच, लंकाबाईंच्या सुनेवर. ती सुवर्णा, माझी धाकटी बहीण. माहेरी धाडायला तिची बॅग दारात तयार.

"प्लॅस्टिकातून पानी जातं का?" बाबा गरजला.

"नाय!"

"मंग आत वल आली ती कशाची? पापाची! पाप आतून पाझरतं, लेकरांनो!"

पाझरतं म्हणे! जसा काही माठच.

बाबानं पुड्या वर धरल्या. तीन कोरड्या, चौथीत चिखल. चिठ्ठी न बघताच त्यानं सुवर्णाकडं बोट केलं.

"चिठ्ठी वाचा की, बाबा," मी म्हटलं.

त्यानं वाचली अन् त्याची बोबडीच वळली. "लं... लंकाबाई..."

"अगं बया! मी माझीच पोत चोरीन व्हय?" लंकाबाई ओरडल्या.

"नाही ना, मावशी? मग माझी बहीण तरी चोर कशावरून?"

चिठ्ठ्या मीच बदलल्या होत्या, पहिल्याच दिवशी. सिन्नरच्या कारखान्यात मी प्लास्टिकवर लेप चढवते. बहिणीसाठी धावत आले, देव्हाऱ्यातल्या पुड्या हातात घेताच कळलं. तीन कडक, कुरकुरीत; सुवर्णाची तेवढी मऊ. तेव्हाच बोलले असते तर बाबानं दुसरी युक्ती काढली असती. म्हणून पाच दिवस जीभ चावत बसले.

"साध्या पातळ प्लास्टिकमधून पाणी गळत नाही," मी सांगितलं, "पण हवेतला दमटपणा हळूहळू आत शिरतो. म्हणून औषधाला, बिस्किटाला आम्ही लेपाचं प्लास्टिक निवडतो. लेप काचेचा, डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ; तो ओल अडवतो. यानं तीन पुड्या लेपाच्या घेतल्या, एक बिनलेपाची. भस्मात कालवली कपाटातली ओल ओढणारी पावडर. त्यात भाद्रपद, नदीकाठ. आणखी काय हवं?"

बाबा चपला शोधायला लागला.

लंकाबाई बॅग आत न्यायला निघाल्या. सुवर्णानं ती धरून ठेवली.

"पाच दिस रडून सांगत व्हते, आत्याबाई. माझं नाय ऐकलं. पुडीचं ऐकलं."

मी आळीकडं वळून म्हटलं: पोत अजून सापडलेली नाही. शोधा, पोलिसांत जा. पण बाबांनो, माणसाला चोर ठरवण्याआधी पुडी कसली आहे, एवढं तरी विचारा.