अप्पांच्या फोनातली घंटा

आमच्या समाजात दोन माणसं एकत्र आली की तीन मंडळं निघतात, आणि मंडळ निघालं की हल्ली ॲप लागतं. भाऊसो सांगलीतले हळदीचे अडते आणि आमच्या बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी मला बोलावून घेतलं तेव्हा सगळं ठरवूनच बसले होते. मुनिसंघ पुण्याकडून चालत खाली यायला निघाला होता. आज संघ कुठल्या गावी आहे हे लोकांना रोज कळायला हवं, आणि ते ॲपवरच कळायला हवं.

मी हेच काम करते, लोकांना वेबसाइट आणि ॲप बनवून देते. त्यामुळे शहाणपणा शिकवायला गेले.

"भाऊसो, वेब ॲप करू. नुसती लिंक असते. व्हॉट्सॲपवर टाकली की कुठल्याही फोनात उघडते. नेटिव्ह ॲप म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या फोनात बसवून घ्यायचं. महिन्याभरात काढूनही टाकतात लोक."

"आन लिंक वाजती का?"

"आपण उघडली तर दिसते. आपणहून वाजायला हवं असेल तर नेटिव्हच बरं."

"मग तेच कर. देवळातल्या घंटेचा आवाज बसव. लिंक काय, बारशाच्या आमंत्रणाची बी येती."

मी हसले, पण मन थाऱ्यावर नव्हतं. त्या संघात माझा सख्खा भाऊ होता.

'अतिशय' हे त्याचं घरचं नाव. इंजिनिअर झाला, दोन वर्षं नोकरी केली आणि दीक्षा घेतली. कपडे सोडले, घर सोडलं, नावही सोडलं. आई आता पोटच्या पोराला 'म्हाराज' म्हणते. अप्पा काहीच म्हणत नाहीत. दीक्षेला सगळी भावकी गेली, आणि अप्पा आपल्या द्राक्षबागेत फवारणी करत राहिले. पलूसजवळच्या मळ्यात आता आई आणि अप्पा दोघंच राहतात. त्या दिवसापासून घरात अतिशयचं नाव निघालेलं नाही. अप्पांच्या फोनात पावसाचं ॲप आहे, खताचं आहे, बेदाण्याच्या भावाचं आहे. मुलाचा एक फोटो नाही. मला अप्पांचा राग यायचा आणि अतिशयचा त्याहून जास्त. स्वतः मोक्षाच्या वाटेला लागला आणि मागच्यांचं बघायला बहिणीला ठेवून गेला. चांगली सोय केली.

आईला त्याच्याकडून काही नको होतं. एकदा आपल्या हातानं त्याला आहार द्यायचा होता, एवढंच. आता ते एवढंच म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. आमचे मुनी दिवसातून एकदा जेवतात, तेही उभ्यानं, ओंजळीत. सकाळी निघताना मनात एक खूण धरतात. अमुक दिसलं तर त्या दारी थांबायचं, नाहीतर उपाशी परत. खूण कुणाला सांगत नाहीत. लोक शुद्ध स्वयंपाक करून, मडीचे म्हणजे सोवळ्यातले कपडे नेसून, हातात कलश आणि नारळ घेऊन दारोदार उभे राहतात आणि हाका मारतात. कुणाच्या दारात खूण जुळेल, सांगता येत नाही. आणि संघ उद्या कुठे जाणार, हेही सांगत नाही.

मी मळ्यात गेले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी तिला लिंक आणि ॲप, दोन्ही समजावून सांगितलं.

"लिंक केली तर तुला शेजारच्या स्वप्नालीच्या फोनात बघता येईल. नाहीतर मी तुला वेगळा फोन आणते. अप्पांना कळणारसुद्धा नाही. आपण दोघी जाऊन येऊ."

"चोरून व्हय?" आईनं भाकरी तव्यावर टाकली. "लेकाला वाढायला चोरून जाऊ? तुझ्या अप्पांच्या फोनात वाजंल ते कर. रोज खिशात वाजलं तर कवातरी ते बी येतील. जोडीनं उभं ऱ्हायचं असतंय गं."

भाऊसोंना मिरवायचं होतं आणि आईला अप्पांना दारात आणायचं होतं. दोघांनी मिळून माझं शहाणपण निकालात काढलं. मी नेटिव्ह ॲप केलं.

अप्पांच्या फोनात मीच ते बसवलं, त्यांच्या देखत. त्यांनी फोन परत घेतला, खिशात टाकला आणि विहिरीवरची मोटार चालू करायला निघून गेले. संध्याकाळपर्यंत काढून टाकतील अशी माझी खात्री होती. त्यांनी काढलं नाही.

पहिली घंटा वाजली ती शिरवळची. कारखान्यांच्या वस्तीत कुणाच्या तरी गोदामात संघ उतरला होता. आई म्हणाली, अप्पांनी बागेतच फोन काढला, वाचला, परत ठेवला. मग वाई. त्या दिवशी आईचा फोन आला, म्हणजे अप्पांच्याच फोनावरून, ते आंघोळीला गेल्यावर.

"आज आपणहून म्हणाले, वाईला हायत. नाव न्हाई घेतलं. पर 'हायत' म्हणाले, मानानं."

मग सातारा, मग कराड. कुठला फोन ॲप उघडतो ते मला माझ्याकडे दिसतं. अप्पा रोज घंटा वाजायच्या आधीच उघडून बघत होते. आशा ही फार वाईट गोष्ट असते. मी रोज सकाळी चहाच्या आधी अप्पांनी ॲप उघडलं का ते बघायला लागले.

संघ पलूसला आला. बस्तीच्या गल्लीत मावशीचं घर आहे, तिथं आईनं स्वयंपाक मांडला. मळ्यातल्या विहिरीचं पाणी घागरीत भरून, घागरींना फडकी बांधून, जीप स्वतः अप्पांनी चालवत आणली. अप्पांनी घागरी उतरवल्या आणि परत जीपपाशी जाऊन उभे राहिले.

दारात पाट मांडला होता. आई कलश आणि नारळ घेऊन उभी राहिली. दुसरा नारळ तिनं शेजारी पाटावर ठेवला. कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही. शेजारच्या पिशवीत अप्पांचं मडीचं धोतर होतं. तेही तिनं न सांगताच आणलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी हालचाल झाली. तेवढ्यात मी पाहिलं, पिशवी जाग्यावर नव्हती. मागच्या नळावर बादली वाजली. अप्पा ओल्या अंगानं बाहेर आले, धोतर नेसलेले, उपरणं घेतलेले. मला रडू फुटलं. आईनं मान वळवली नाही, फक्त थोडी डावीकडे सरकली आणि जागा केली.

महाराज येत होते. माझा भाऊ इतका वाळला होता की चालण्यावरून ओळखला मी. आहाराला निघताना ठेवतात तसा उजवा हात खांद्यावर, नजर खाली. लोक दोन्ही बाजूंनी हाका मारत होते, आणि त्यांत आईचा आवाज, "नमोस्तु म्हाराज, नमोस्तु, थांबा म्हाराज, थांबा." आमच्या दारासमोर त्याची पावलं मंद झाली. त्यानं वर पाहिलं. अप्पा ओसरीवरून खाली उतरले आणि पाटावरच्या नारळाकडे वाकले.

तेव्हा घंटा वाजली.

भाऊसोंना राहवलं नव्हतं, त्यांनी ॲपवर निरोप सोडला होता. 'महाराज आहारासाठी निघाले आहेत, लाभ घ्यावा.' गल्लीतल्या सगळ्या फोनांत वाजली, पण बाकीचे फोन खिशात होते, घरात होते. अप्पांचा धोतराला खोचलेला होता. पंधरवडाभर ज्या फोनाची घंटा ऐकायची सवय लागली, तो त्यांनी आंघोळीनंतर नकळत परत कमरेला लावला होता. मडीत फोन. मावशीच्या शेजारची कुणीतरी म्हणाली, "अगो बाई, फोन." अप्पांनी कमरेवर हात दाबला. आवाज थांबेना. त्यांनी नारळाला हात लावला नाही. जसे उतरले होते तसे मागे सरले, ओसरीवर, मग दाराच्या आत, भिंतीला लागून. मोडलं सोवळं घेऊन मुनीसमोर उभं राहायचं नसतं, हे त्यांना आईपेक्षा जास्त माहीत होतं.

महाराज पुढे गेले.

आणखी दोन घरं सोडून ते थांबले. तिथं नवरा-बायको शेजारी शेजारी उभे होते, दोघांच्या हातात नारळ. आज जोडीनं नारळ ही खूण होती, असं नंतर लोक बोलत होते. खरंखोटं कोण सांगणार. आईनं विचारलं नाही. तिनं स्वयंपाक झाकला, दोन्ही नारळ पिशवीत घातले, आणि येताना जीपमध्ये ते एकमेकांवर आपटत होते म्हणून मांडीवर घेऊन बसली.

दुपारी संघ निघून गेला. सांगलीतून आता तो कर्नाटकात उतरलाय. पुन्हा या बाजूला कधी येतील ते सांगत नाहीत, आणि विचारायचंही नसतं. घंटा रोज वाजते. कागवाड, अथणी, मग माझ्या ओळखीची नसलेली गावं. अप्पा अजूनही रोज उघडतात, मला दिसतं. आई मात्र आता कुठलं गाव म्हणून विचारत नाही.

परवा मळ्यात गेले होते. जेवताना अप्पांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"ह्याचा आवाज बंद करून नुसतं बघता येतंय का?"

"येतं, अप्पा." मी फोन घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि परत दिला. झालं.

अप्पांनी फोनकडे पाहिलं. "एवढंच हुतं?" ते म्हणाले.

आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. अप्पांनी ती तशीच ठेवली आणि हात धुवायला उठले.